आजच्या पातेल्यात

बसा. कोट काढू नका, खोली अजून तापायची आहे.
मी बुरुलकान. तुमची पोरं मला
नावानं नाही, वासानं ओळखतात.
कांदा परतला की तिसऱ्या तासाला
वह्या आपोआप मिटतात,
सागीन मास्तरांची दर आठवड्याला तक्रार असते.

पण याच मास्तरांनी गेल्या हिवाळ्यात
हजेरीच्या वहीत, मागच्या पानावर, जांभया मोजल्या होत्या.
गोड चहा आणि पाव, एवढंच मिळायचं तेव्हा.
अकराला नुसता दंगा,
बाराला बाकावर डोकी.
एका दिवसात बेचाळीस जांभया.
त्यातली एक त्यांची स्वतःची, तीही प्रामाणिकपणे लिहिलेली.

शितावरून भाताची परीक्षा, म्हणतात.
मी उष्ट्यावरून पोरांची करते.
पहिल्या आठवड्यात वाट्या परत आल्या त्या अशा:
बीट काठाला ढकललेलं,
कोबी तळाशी बुडवलेला,
गाजर मात्र गायब.
मग मी चलाखी केली. कोबी इतका बारीक चिरला
की माझ्या सुरीलाही ओळखू येईना.
दोन दिवस वाट्या चाटूनपुसून आल्या.
तिसऱ्या दिवशी एलदियार, दुसरीतला, पुढचे दोन दात पडलेला,
खिडकीशी आला, चमच्यावर एक हिरवा कण धरून.
"हे लपवलंत," म्हणाला. "नाव सांगा ना त्याचं."

पंचवीस वर्षं स्वयंपाक केला मी,
खाणीवरच्या मजुरांसाठी, लग्नांत, मयतांत.
असं कुणी पकडलं नव्हतं.

तेव्हापासून दाराबाहेर फळा आहे. येताना पाहिलात ना?
आज: बार्ली.
गाजर, जिपारबाईंच्या वाफ्यातलं.
बटाटे, मुकाश ड्रायव्हरचे, मातीसकट आलेले.
आंबटपणाला कुरुत, वाळवलेल्या दह्याचे गोळे, ते माझ्या घरचे.
तेल-मीठ सरकारचं.
पोरं उभी राहून वाचतात. ज्यांना वाचता येत नाही
ती वाचणाऱ्याची बाही धरून उभी राहतात.

आणि सेझिम. चौथीतली.
रोज वाचायची, वरून खाली, मग खालून वर.
तिचं नाव नसायचं.
बाप रशियात विटा वाहतो,
आई दुसऱ्यांच्या मेंढ्या राखते, वाफा कुठला असणार?
मला हे कळायला दीड महिना लागला.
मला. उष्टी वाचणारीला.
ऑक्टोबरात एका सकाळी तिनं टोपी पुढे केली,
आत रानगुलाबाची लाल फळं,
आणि बोटांवर ओरखडे.
त्या दिवशी चहा नाही, त्याचाच काढा उकळला.
फळ्यावर सगळ्यात वर, माझ्या वाकड्या अक्षरात:
रानगुलाब, टोपीभर, सेझिमकडून.
तिनं वाचलं नाही.
नुसती फळ्याशेजारी उभी राहिली, पहाऱ्याला ठेवल्यासारखी.

म्हणून मागते.
दुकानासाठी पोराच्या मुठीत सोमची नाणी देता ना,
त्यात येतं काय? फुगलेली पिशवी, निम्मी हवा.
हवा आपल्या डोंगरावर फुकट आहे.
त्यापेक्षा एक कांदा द्या. एकच.
आणि मास्तर, बाई, तुम्ही कोपऱ्यातल्या खोलीत
बिस्किटं खाता. खोके मीच बाहेर टाकते.
या, बाकावर बसा. बीट खा त्यांच्यासमोर.
नाही आवडलं तर तोंड वाकडं करा, पण गिळा.
पोरांना वाकडं तोंड चालतं, लपवाछपवी चालत नाही.

एवढंच. भाषण मला येत नाही.
उद्याची मसूर भिजवायची आहे, खडे निवडायचे आहेत.
घाई नसेल त्यांनी थांबा,
दिव्याखाली ताट ठेवलंय.
आणि जाता जाता कुणीतरी त्या खिडकीची फट बुजवा,
वारा थेट चुलीवर येतो.