उनपदेव, जाऊन-येऊन

लघवीच्या तपासणीची एक कोरी डबी आहे,
लॅबमधली, लाल झाकणाची.
तिच्यात मी सुटे पैसे टाकते.
लेबलवर जिथं पेशंटचं नाव लिहायचं
तिथं लिहिलंय: रविवार.

महिन्याकाठी अडीचशे जमतात.
अडीचशेत माणूस कुठवर जातो?
जळगावहून अडावदपर्यंत जातो,
बाईमाणूस असेल तर अर्ध्या तिकिटात,
आणि पुढं काळीपिवळीत मांडीला मांडी लावून
सातपुड्याच्या पायथ्याशी.
उरलेल्यात चहा.

या खेपेला चंद्रकला सोनवणे बरोबर होती.
अकरा वर्षं आमच्या काचनळ्या धुते.
लग्न, मयत, जाऊळ सोडून
कशालाच एसटीत बसलेली नाही.
नवं पातळ नेसून आली,
हातात आहेराची पिशवी, आत काहीच नाही.
"तशीच कशी निघू?" म्हणाली.

विदगावच्या पुलावर तापी आली, खिडकीत मावेना.
मग केळी. मग केळी.
घडांवर निळ्या पिशव्या चढवलेल्या,
जणू सगळं शिवार शाळेला निघालंय.

शेजारच्या म्हातारीनं विचारलं,
"कथा चालनात वं बहीन?"
"उनपदेवले."
"काय काम शे तठे?"
चंद्रकला माझ्याकडे बघायला लागली,
मी खिडकीकडे.
मग तीच बोलली, जरा मोठ्यानंच,
गुन्हा कबूल करावा तशी:
"काईच काम नही. म्हनीसनच जाई राहिनूत."
म्हातारीनं दोन गावं यावर विचार केला,
आणि धानोऱ्याला उतरताना
आमच्या ओटीत ओंजळभर शेंगा टाकून गेली.

कुंड बंद होतं.
आत चुना मारत होते.
रंगारी शिडीवरूनच म्हणाला, मंगळवारी या.
मंगळवारी आमच्याकडे थायरॉईडची गर्दी असते, भाऊ.

मग आम्ही खाली गेलो,
जिथं कुंडाचं पाणी पाटानं शेतात निघून जातं.
दोन पावरा पोरी गोधड्या आपटत होत्या.
काही न बोलता एक दगड त्यांनी आमच्याकडे सरकवला.
चपला काढल्या. पाय सोडले.

दिवसभर उभं राहून पोटऱ्यांत जे साठतं
त्याची टेस्ट आमच्या लॅबमध्ये होत नाही.
ते हळूहळू सुटत गेलं.

"फुकट?" चंद्रकलेनं विचारलं.
"फुकट."
"रात्री?"
"रात्रीपण."
ती बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली.
"म्हणजे आपण तिकडे झोपलेलो असतो
तेव्हाही हे गरमच?
आणि कोणी सांगितलं नाही."

भरीत होतं, कळण्याच्या पुऱ्या होत्या,
कांदा बुक्कीनं फोडला.
मग ती रिकामी पिशवी डोक्याखाली घेऊन
उघड्या तोंडानं झोपली, उन्हात, चारचौघांत.
मी पेशी मोजल्या नाहीत. ढग नव्हतेच मोजायला.
एक गोधडी वाळत होती, तेवढं बघितलं.

निघताना तिनं बाटलीभर पाणी घेतलं,
नवऱ्याला दाखवायला.
पिशवीत आता तेवढंच.
धानोऱ्यापर्यंत कोमट होतं.
पुलावर फोनला रेंज आली,
सरांचे तीन मिस्ड कॉल.
मी फोन पालथा ठेवला.
ती बाटलीला हात लावून लावून बघत होती.
जळगाव स्टँडवर उतरलो तेव्हा
ते नळाचंच पाणी होतं.
तिनं ते तिथल्या कडुनिंबाला घातलं.
"घरी कोण मानणार?" म्हणाली, आणि हसली,
कशाला हसली ते मला नीट कळलं नाही.

सोमवारी साडेसातला तीच रांग,
बाह्या वर करून, उपाशीपोटी.
मी सुया मांडत होते.
मागं नळ्या धुण्याचा आवाज मधेच थांबला,
फळीवर काहीतरी खडखडलं.
दुपारी झाकण उघडून बघितलं,
अकरा रुपये जास्त होते.
मी विचारलं नाही.
लेबलवर मात्र, रविवारच्या पुढं,
कोणीतरी पेन गिरवून गिरवून
आणखी एक काना-मात्रा नसलेलं
नाव लिहायला घेतलं होतं,
अर्धंच. शाई संपली असणार.