तपासले

सतरा वर्षं परीक्षा विभागात.
आसन क्रमांक पाठ, चेहरा एकही नाही.
जाळीच्या खिडकीला हात शिरेल एवढी फट;
पुनर्मूल्यांकनाचे अर्ज तिथूनच यायचे,
मे महिन्यात घामानं ओले.

आता मिहान. सातवा मजला, एसी;
इथली खिडकी उघडतच नाही.
समोरासमोर दोन खुर्च्या, मधे टिश्यूचा डबा.
तो कशाला, हे पहिल्या आठवड्यात कळलं नव्हतं.

आज निकेश डोंगरवार. कमी करायच्या यादीत चौथा.
फाईलमध्ये त्याची गुणपत्रिका,
कोपऱ्यात जांभळा शिक्का : तपासले.
खाली माझीच आखूड सही.

वाक्य पाठ करून आले होते,
पहिल्या शब्दालाच अडले.
"मॅडम," तोच बोलला, "पाणी सांगू का?
इतक्या एसीत घाम आला तुम्हाले."