साक्ष, खिडकी क्रमांक दोन

नाव लिहा: बर्नाडेट व्होयचिक.
आडनावाचं स्पेलिंग नंतर सांगते, लांबलचक आहे.
गाव टोलीडो, ओहायो.
ओरिओल थिएटरात एकतीस वर्षं तिकिटं विकली,
खिडकी क्रमांक दोनमधून.
एक नंबरची कधी उघडलीच नाही,
तिच्यात झाडू ठेवायचो.

तिकीट अकरा डॉलर म्हणजे अकराच.
सुटे नसले की म्हणायचे, शेजारच्या बेकरीतून आणा.
लोक आणायचे.
नोटांना पिठीसाखर लागलेली असायची,
गल्ला बंद करताना मी बोटं चाटायचे.
हे लिहू नका.

मग ती कंपनी आली. माणसं वाईट नव्हती.
छपरासाठी पैसे दिले, तेही आगाऊ,
आणि एक कागद:
दहा वर्षं तिकिटं फक्त आम्हीच विकणार.
हॅलोरनसाहेबांनी वर बघत सही केली.
पाणी गळत होतं हो. मीही केली असती.

मुदत संपल्यावर दुसरीकडे का गेला नाहीत?
गेलो होतो. एक वर्ष.
त्या वर्षी एकही बँड
टोलीडोच्या रस्त्याला लागला नाही.
धमकी? नाही.
फोन? तोही नाही.
न आलेला फोन पुरावा म्हणून कसा मांडतात
ते तुम्ही शिकलात, मी कुठे शिकले?

गाणाऱ्याचा मॅनेजर त्यांचा, दौरा त्यांचा,
क्लीव्हलंडचं मैदान त्यांचं,
आणि तिकीट दुप्पट भावाने पुन्हा विकलं जातं
तो बाजारही त्यांच्याच अंगणात.
विकणारा तोच, घेणारा तोच,
मापाडीही तोच.

मार्चमध्ये माझ्याच थिएटरचं तिकीट काढायला बसले.
फोन म्हणाला, तुमच्यापुढे दोन हजार एकशे चौदा जण.
ओरिओलमध्ये खुर्च्या नऊशे सहा,
बाल्कनीतली मोडकी धरून.
तरी थांबले. रांगेत थांबण्याची
मला उलट्या बाजूने सवय.
तिकीट चाळीस, सेवाशुल्क सतरा,
घरच्या कागदावर घरच्या शाईने छापायचे चार.
सेवा कोणी केली, त्याचं नाव कुठेच नव्हतं.

खिडकीच्या काचेला बोलायला गोल भोक आहे,
त्यावर आता आतून चिकटपट्टी.
तरी परवा तिथून जाताना
सवयीने जरा वाकले.

आणखी काही सांगायचंय का, म्हणता?
छप्पर आता गळत नाही.
तेवढं मात्र लिहा.