यादीचा सराव

वेळागरच्या पुळणीवर मैदान किती मिळेल
ते पंचांग सांगतं.
पुनवेला पहाटे साडेपाचला पाणी लांब जातं, तेव्हा अख्खं;
अष्टमीच्या भांगाला अर्धंच,
मग डावा विंगर गुडघाभर लाटेत धावतो
आणि थ्रो-इन घ्यायला पोहावं लागतं.
गोलाचे खांब म्हणजे पास्कू फर्नांडिसची चार वल्ही,
नऊच्या आत परत द्यायच्या बोलीवर.

मी बर्फाच्या कारखान्यात रात्रपाळी करतो.
सकाळी बोटं बधिर असतात,
शिट्टी दातांत धरून आणतो.
सोळा मुलं. रविवारी ओरोसला जिल्ह्याची निवड,
चौदा वर्षांखालची.
किती जणांना घेणार, मुलं विचारतात.
मी म्हणतो, नाड्या दोनदा बांधा.

वाळूत चेंडू मरतो.
त्याला जोरात ढकलायचं हे त्यांना येतच होतं;
पण ओरोसला गवत आहे,
तिथे तोच जोर त्याला कुंपणापलीकडे काजूत नेईल.
म्हणून दोन आठवडे सड्यावर नेलं,
कातळावर चेंडू घाबरल्यासारखा पळतो
आणि पडलं की गुडघ्याचं सालपट दगडाकडेच राहतं.
सुहेल मुजावरने तिथे पहिल्यांदा पाय हलका ठेवला,
आईच्या हातात अंडं द्यावं तसा पास दिला.
मी काही बोललो नाही.
बोललो असतो तर पुढचा बिघडला असता.

गोलात दादू कुबल.
त्याला हात शिकवावे लागले नाहीत. रापणीचं घर,
दोर सुटला की कोण काय शिव्या देतं
हे तो चालायच्या आधी शिकलाय.
शिकवावं लागलं ते ओरडणं.
"माजो!" म्हणायचं, मोठ्याने, सगळ्यांसमोर.
तीन दिवस तो कुजबुजला.
चौथ्या दिवशी सुरूच्या बनातले कावळे उठले.

शनिवारी पळवलं नाही.
रांगेत उभं केलं, खिशातून कागद काढला,
म्हटलं, आता यादी वाचतो.
नाव आलं तर एक पाऊल पुढे, उड्या नाहीत.
नाही आलं तर शेजाऱ्याचा हात हातात घ्यायचा,
आपली बाटली उचलायची,
एसटीपर्यंत चालत जायचं.
ती उलथी होडी म्हणजे एसटी.

आठ नावं वाचली.
तन्वेश आरावंदेकरचं मुद्दाम वगळलं.
सगळ्यांत चांगला तो,
त्याच्याशिवाय गावात कुणी कधी संघ केला नाही.
ज्याला सवय नाही त्यालाच सराव हवा.

त्याने कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे.
वाळूला लाथ मारली. बाटली विसरला.
"परत," मी म्हटलं.
दुसऱ्यांदा त्याने दादूचा हात दाबला, बाटली घेतली,
आणि गेला होडीपर्यंत. मान वर,
कान लालभडक.

मला हे कुणी शिकवलं नव्हतं.
सावंतवाडीहून एका यादीनंतर घरी आलो
तो चार वर्षं चेंडूला शिवलो नाही.
आई कपाटावरून तो काढून
पुसून परत ठेवायची, बस.

तन्वेश परत येऊन म्हणाला,
"सर, आता खरी वाचा मां."
खरी उद्या. साहेब वाचतील, माईक लावून,
आडनावं मोडून.
मी कागदाची घडी घातली.
कारखान्याचं बिल ते: चाळीस लाद्या बर्फ,
तांडेलाची सही बाकी.

पाणी चढायला लागलं होतं.
वल्ही उपटून मुलं पास्कूकडे धावली.
वाळूत चार भोकं उरली.
चिन्मय धुरी मागे राहिला,
आणि का कोण जाणे, एका भोकात पाय घालून
किती खोल आहे ते बघत बसला.