शेवटची सोळा पानं

चार हजार शब्द लिहायचेत, अफशीन म्हणाली,
आणि कादंबऱ्या दोन. त्यांचं एकमेकींशी
काहीतरी भांडण पाहिजे.

मी सुरमईचे तुकडे मोजत होते.
आमच्या वेळी निबंध वीस ओळींचा.
विषय: मी सरपंच झालो तर.
वर्गात एकवीस मुली. 'झालो'चं 'झाले' करा
असं बाई कधी म्हणाल्या नाहीत.

रुवीतल्या या तिसऱ्या मजल्यावर
एसीचं पाणी बादलीत ठिबकतं
आणि ती फरशीवर पुस्तकं मांडते,
पत्ते लावल्यासारखी.
ही जाड. शिवाय हिच्यावर सगळेच लिहितात.
ही आवडते, पण मिस हनान म्हणतात,
आवडण्यावर चार हजार शब्द होत नाहीत.
तिसरी तिनं अर्ध्यात मिटली.
हिच्यातला बाप अगदी अब्बांसारखा गप्प बसतो, नको.

मी काहीच सुचवणार नव्हते.
हात पुसले, कपाटावरची सुटकेस खाली घेतली.

लग्नानंतर दाभोळहून निघाले तेव्हा
सामान तीस किलोच न्यायचं.
सोडे, कोकम, कुळीथ, ह्यांच्या मित्राची औषधं.
काट्यावर जास्त भरलं.
पुस्तक काढ, हे म्हणाले.
मी कुळीथ काढले.

मुखपृष्ठावर होडी.
लेखिकेचं आडनाव वाळवीनं खाल्लंय
आणि शेवटचा फॉर्मा सुटून कुठं गेला
कोण जाणे. सोळा पानं.
त्यातली बाई होडीत चढते,
दोनशे आठव्या पानाच्या तळाशी
'होडी हलली, पण तिनं'
इतकंच.

त्या 'पण तिनं'च्या पुढं
मी एकोणीस वर्षं राहिलेय.
कधी तिला उतरवलं. कधी धक्क्यावर
तिचा भाऊ उभा केला, छत्री घेऊन.
अफशीन पोटात होती त्या उन्हाळ्यात
होडी सरळ माघारी वळवली होती,
ते कुणाला सांगितलेलं नाही.

दहा रात्री मी वाचत गेले, ती ऐकत गेली.
'खाजण'पाशी अडलो.
खाली पाण्याचा टँकर रिव्हर्स घेत होता,
टीं टीं टीं. तो थांबेपर्यंत मी विचार केला.
जिथं समुद्र आत येऊन बसतो
आणि उठायचं नाव घेत नाही, म्हटलं.
तिनं ते लिहून घेतलं.

मिस हनाननी दोनच प्रश्न विचारले.
हिचं भाषांतर आहे का?
हिच्याबद्दल कुणी काही लिहिलंय का?
नाही. नाही.
आईनं रात्री केलेलं भाषांतर धरत नाहीत.
त्याला पान क्रमांक नसतात.

वाईट नाहीत त्या, खरंच. निवडताना
मायेनं नाही, कामानं बघावं लागतं.
आता दोन ठरल्यात.
एकीत बर्फ, एकीत खाणकामगार.
त्यांचं भांडण चांगलं जुंपलंय,
नऊशे शब्द झालेसुद्धा.

फक्त परवा, दापोलीहून माझ्या मावसभावानं
वाचनालयातली प्रत हुडकून
त्या सोळा पानांचे फोटो पाठवले.
धूसर, कोपऱ्यात त्याचा अंगठा.
शाळेतल्या हिंदीच्या जोरावर
अक्षर लावत लावत
अफशीननं सगळे वाचले, रात्रभर.
मी उघडलेले नाहीत.

जेवताना दोनदा माझ्याकडे बघितलं.
मग म्हणाली, आधी तू सांग,
तुझी कुठं उतरते?

मी काटा काढत होते, जिभेच्या टोकावरचा.
उतरेल, म्हटलं, भरती बघून.
तू आधी सांग,
बर्फावर अजून किती शब्द राहिले?