इतिवृत्ताची वही

पहिल्या पानावर अक्षर वडिलांचं,
शाई तपकिरी झालेली.
‘ख्रिस्ती शेजारी पक्ष, सोलापूर. सभा पहिली.
स्थळ : देवळामागची शब्बाथशाळेची खोली.
हजर सतरा. प्रार्थना शांतवनराव आढाव यांनी केली.’

सतरांतले अकरा मिलमधले, साच्यांवरचे,
दोघे मिशन दवाखान्यातले कंपाउंडर,
आणि सुईण रूथबाई. तिला सही येत नव्हती,
तिच्या अंगठ्याचा ठसा
सगळ्या सह्यांपेक्षा स्पष्ट उमटलाय.

लाल बावट्यावाले म्हणायचे, तुम्ही मालकांचे.
मालक म्हणायचे, तुम्ही गोऱ्यांचे उरलेले.
वडील म्हणायचे, आम्ही शेजाऱ्यांचे.
आणि शेजारी म्हणजे नेमका कोण, यावर
कडक भाकरी मोडत, शेंगाचटणी बोटानं पुसत
पहाटेचा भोंगा होईस्तोवर वाद.

वही तिसरी. इथून अक्षर माझं.
नरसय्या येमूल दारात उभा,
चपला बाहेर, टोपी हातात.
‘मला बाप्तिस्मा नको. नळ पाहिजे. येऊ का आत?’
मी कंसात ‘हशा’ लिहिलं.
वडिलांनी ते खोडलं,
आणि त्याच रात्री नावातला ‘ख्रिस्ती’ही खोडला गेला,
नऊ विरुद्ध आठ.
नववा अंगठा रूथबाईचा.
‘देवाला पाटी कशाला लागतीय?’ म्हणाली,
आणि बाळंतपणाला निघून गेली.
शांतवनराव पुन्हा कधी आले नाहीत.
त्यांची खुर्ची वर्षभर कुणी हलवली नाही.

प्रार्थनेच्या जागी दोन मिनिटं शांतता आली.
खरं सांगते, तिच्यात जास्त माणसं मावली :
नरसय्या, विजापूर वेशीतला हमीद, बाळीवेशीतली निंगव्वा.
जो तो आपलं काहीतरी पुटपुटायचा,
तेलुगू, उर्दू, कानडी, मराठी,
आणि पुटपुटण्यात भाषा कळत नाही.

वही नववी. आमचे सात निवडून आले.
इकडे बत्तीस, तिकडे चौतीस, मधे आम्ही.
खोलीला पंखा लागला. फोन आला.
दोन्हीकडची माणसं पेढे घेऊन येऊ लागली,
एकाच दुकानातले.
दोन मिनिटांचं अर्धं मिनिट झालं,
मग नुसतंच ‘अध्यक्षांच्या परवानगीने’.
तरुणांना ‘शेजारी’ जुनाट वाटला.
नवी पाटी : शहर मध्य आघाडी.
नरसय्या म्हातारा झाला होता. जाताना मला म्हणाला,
‘धोटा मधेच थांबला तर कापड होत नाही, अम्मा.’
मी लिहिलं नाही. विषयपत्रिकेवर नव्हतं.

विषय क्रमांक चार : रुळांकडेची वस्ती हटवणे.
आमची सात मतं तटस्थ.
वळणदार अक्षरात लिहिला मी तो शब्द.
चाळीस वर्षं मुलींना मराठी शिकवलं,
शब्द फोडायची खोड जात नाही :
तट म्हणजे काठ, स्थ म्हणजे उभा राहिलेला.
पाण्यात कोण, ते शब्दात येत नाही.
त्या वस्तीतच रूथबाईनं निम्मी पोरं उपजवली होती.
वडील नव्हते तेव्हा. असते तर?
मला खात्री नाही. पंखा त्यांनाही आवडला असता.

परवा श्रेयस आला, आताचा अध्यक्ष. पोरगा सरळ आहे.
स्मरणिकेसाठी त्याला पहिलं पान हवंय,
आख्खं नको, नावं नकोत, वरची ओळ तर नकोच.
‘पण हा अंगठा भारी आहे, बाई.
चिन्ह म्हणून घेऊ. सगळ्यांचा वाटतो.’
मी म्हटलं, एका बाईचा आहे.
‘कुठल्या?’
सांगायला वही उघडली,
तेवढ्यात खालून घागरींचा आवाज.
पाचवा दिवस. पाणी आलं होतं.
समोरच्या घरातली म्हातारी पडून आहे,
तिचं पिंप आधी भरायचं असतं.
श्रेयसच्या हातात मी कळशी दिली.
तो जरा वेळ तिच्याकडे बघत राहिला.