एक तास माग बंद

होटगी रोडच्या गॅरेजवाल्यानं अठरा हजार सांगितले,
वर म्हणाला, "मारुतीची तरी तेवढी किंमत आहे का, मालक?"
तीस वर्षं सूत रंगवलं मी. पत्रा काय वेगळा?

"वेगळा," रेणुका म्हणाली. "सूत पितं. पत्रा पीत नाही."
तिचं खरं निघायला आठ दिवस लागले.

पाणी आमच्या गल्लीत पाचव्या दिवशी येतं,
म्हणून घासणंही नळाच्या तालावर.
दोनशेवीसचा कागद, मग चारशेचा, मग आठशेचा.
बादलीतलं पाणी आधी पांढरं, मग निळं,
आणि डाव्या दारापाशी एकदम लाल.
मागच्या काचेखाली कुणा डॉक्टरच्या अधिकाचं चिन्ह,
स्टिकर कधीच गेलेलं,
ऊन न लागलेली जागा तेवढी उरलेली.
ते लगेच घासवेना. चहा पिऊन आलो, मग घासलं.

काचांवर जुनी वर्तमानपत्रं चिकटवली,
तर समोर नेमकं श्रद्धांजलीचं पान आलं.
टोपीतले, फेट्यातले, नथीतल्या दोघी,
सहा जण रस्त्याकडे बघत बसलेले.
गिरमल्लअण्णा जाता जाता थांबले,
"कुठं निघाली ओ मंडळी?"

पहिला हात मारला दुपारी, त्रेचाळीस डिग्रीत.
रंग बंदुकीतून निघाला ओला,
पत्र्यावर पोचला कोरडा.
हात फिरवला तर रवा.
पुन्हा कागद. पुन्हा नळाची वाट.

दुसरा हात पहाटे, गार वाऱ्यात.
उजाडल्यावर बघतो तर बॉनेटला मिसरूड फुटलेलं.
शेजारी अंजय्या गुंडेटीचे चार माग रात्रभर चालतात,
त्यांचा कापूस खिडकीतून निघून
माझ्या ओल्या रंगावर येऊन झोपलेला.

आमचा नायना रंगमास्तर होता.
हौदातून बोटाएवढी लड काढून उन्हात धरायचा.
मी म्हणायचो, झाला रंग.
"आगुरा," म्हणायचा, "ओला रंग खोटं बोलतो."
गेला तेव्हा त्याच्या नखांत मोरपंखी होता.
आंघोळ घालणाऱ्यांनी घासून पाहिला. निघाला नाही.

संध्याकाळी अंजय्याकडे गेलो.
आधी टॉवेलचा भाव, मग त्याच्या पोरीची पुण्यातली नोकरी,
मग कसंबसं, "उद्या पहाटे, तुझे माग..."
चार माग, एक तास, म्हणजे किती टॉवेल,
हा हिशेब दोघांनाही तोंडपाठ.
"रंग कुठला?" त्यानं विचारलं.
"मोरपंखी."
बराच वेळ तो हातातली कांडी फिरवत राहिला.
"पाच ते सहा. सहावर एक मिनिट नाही."

पाचला माग थांबले.
मला वाटलं, आपले कान गेले.
गल्लीत दिवे लागले, दारं उघडली,
शंकरम्मा केस बांधत बाहेर आली,
"काय झालं ओ? कोण गेलं?"
"कुणी नाही, गाडी रंगवतोत," रेणुका म्हणाली,
पण म्हातारीची नजर त्या काचेवरच्या सहा जणांवर.

मग नुसती कॉम्प्रेसरची धाप.
एक वीत अंतर, डावीकडून उजवीकडे,
अर्धा पट्टा आधीच्या पट्ट्यावर.
अंजय्या उंबऱ्यावर उकिडवा बसलेला,
थिनरच्या वासात बिडी न पेटवता, नुसती दातांत.

सहाला त्याचे माग सुरू झाले.
बॉनेटच्या मधोमध एक तंतू, केसाएवढा, पांढरा.
मी चिमटा घेऊन वाकलो.
"आगुरा," तो खिडकीतून ओरडला, "वाळू दे."

वाळला. दोन हजारच्या कागदानं निघेल,
कागद आणून ठेवलाय, फडताळात आहे.
मागचं उजवं दार मात्र राहिलंच,
अजून प्रायमरचं, राखाडी.
तसंच घेऊन फिरतो मी सात रस्त्यावरून.
तेवढ्यासाठी पुन्हा एक तास
मागायचा धीर होत नाही.